कॉटमनचा पॉकेट बॉक्स: वाई-मेणवलीच्या घाटावर कितपत कामाचा?

विन्सर अँड न्यूटनचा कॉटमन स्केचर्स पॉकेट बॉक्स ही १२ हाफ पॅनची (वाळलेल्या जलरंगाच्या छोट्या वड्यांची) प्लॅस्टिकची छोटी डबी. सोबत एक इवलासा ब्रश येतो. सातारा भागात घाटावर, बाजारात, एसटी स्टँडवर बसून जलरंगात काम करणाऱ्याने ही जरूर घ्यावी, पण आहे तशी वापरू नये. रंग उत्तम आहेत. ब्रश बदलावा, चायनीज व्हाइटचा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, पॅन काढावा आणि महागड्या मोठ्या सेटऐवजी पैसे कागदावर घालावेत.

इथल्या चित्रांत सर्वांत जास्त लागतो तो काळ्या दगडाचा रंग. मेणवलीचा चंद्रकोरी घाट, ढोल्या गणपतीची माशाच्या आकाराची मागची भिंत, सगळा बेसॉल्टच. त्यासाठी काळा रंग घेतला की दगड कोळशासारखा मेलेला दिसतो. या डबीतले अल्ट्रामरिन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे दोनच रंग पुरतात. निळा जास्त ठेवला तर सावलीतला थंड दगड, सिएना जास्त ठेवला तर उन्हाने तापलेला. अल्ट्रामरिनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो. त्यावर ब्रश पुन्हा पुन्हा फिरवला की तो जातो. एकदा लावा आणि हात काढून घ्या.

घाट रंगवताना आधी उन्हातल्या पायऱ्यांवर यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) अगदी पातळ हात द्यावा, सर्वांत उजळ कडा कोऱ्या सोडून. तो पूर्ण वाळू द्यावा. तळहाताची मागची बाजू कागदाला टेकवली आणि गार लागलं, तर आत ओल आहे. मग सावल्यांचा करडा रंग एका दमात, वरून खाली. शेवटी कमानींच्या आतला गडद भाग घट्ट रंगाने. बहुतेकांचं चित्र दुसऱ्या टप्प्याला, सावल्या लावताना, बिघडतं: अर्धवट ओल्या रंगात पाणीदार ब्रश टेकवला की पाणी रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखे डाग उठतात. कागदावरची चमक गेली पण गारवा आहे, हीच ती धोक्याची वेळ. तेव्हा काहीही करू नये.

हिरव्याच्या बाबतीत ही डबी थोडी जपून वापरावी लागते. व्हिरिडियन ह्यूमध्ये (‘ह्यू’ म्हणजे मूळ रंगद्रव्याऐवजी दुसरं वापरून साधलेली छटा) थॅलो हा भडक, निळसर हिरवा आहे. तो नुसता लावला तर झाडं प्लॅस्टिकची वाटतात. त्यात बर्न्ट सिएना मिसळला की श्रावणातल्या डोंगराचा गडद हिरवा मिळतो. कृष्णाकाठच्या उसाला लेमन यलो आणि किंचित अल्ट्रामरिन. दिवाळीनंतर सुकत चाललेल्या गवताला सॅप ग्रीनमध्ये भरपूर ऑकर. तीनपेक्षा जास्त रंग एकत्र केले की चिखल होतो.

एसटीचा लाल मात्र सरळ मिळत नाही. कॅडमियम रेड पेल ह्यू नारिंगीकडे झुकतो, त्यात अलिझरीन क्रिम्झन ह्यू (गडद, गुलाबीकडे झुकणारा लाल) मिसळावाच लागतो. स्ट्रॉबेरीच्या पाट्यांनाही हेच मिश्रण चालतं.

कासची फुलं ही या डबीची खरी परीक्षा. पठारावर वाटेबाहेर बसून रंगवायचं नसतं. तिथे पेन्सिलीने ढोबळ रेखाटन करून शेजारी रंगांची नावं लिहावीत आणि घरी येऊन चित्र करावं. सोनकीचा पिवळा आधी लावून घ्यायचा आणि भोवतीचं हिरवं नंतर भरत जायचं. हिरव्यावर पिवळा टाकला तर तो बुडून जातो. दूरवरच्या तेरड्यासाठी ओल्या कागदावर पातळ अलिझरीन सोडावा. एकेक फूल काढत बसू नये. इथे चायनीज व्हाइटचा मोह होतो, पण तो मिसळला की रंग खडूसारखा दुधाळ होतो. त्या जागी बाहेरून घेतलेला बर्न्ट सिएनाचा दुसरा पॅन बसवा. इकडे तोच सर्वांत आधी संपतो.

सोबतचा ब्रश खिडक्या आणि विजेच्या तारांपुरता ठीक आहे. आकाश त्याने लावलं तर पट्टे उठतात. टोकदार ८ नंबरचा सिंथेटिक गोल ब्रश आणि अर्ध्या इंचाचा चपटा, एवढं पुरे. पाणी भरायचा वॉटर ब्रश प्रवासात सोयीचा खरा, पण त्यातून पाणी झिरपत राहतं, गडद रंग घट्ट बसत नाही. झाकणातली मिश्रणाची जागा मोठ्या वॉशला (पातळ रंगाच्या सलग थराला) अपुरी पडते, म्हणून एक छोटी स्टीलची ताटली जवळ असू द्या.

कागदावर तडजोड नको. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), १०० टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पृष्ठभागाचा). ५६ बाय ७६ सेंमीचा पूर्ण ताव घेऊन त्याचे १६ तुकडे केले की प्रत्येकी १४ बाय १९ सेंमीचा कागद मिळतो. चारही कडा मास्किंग टेपने पुठ्ठ्यावर चिकटवाव्यात. साध्या २०० जीएसएम ड्रॉइंग पेपरला पाणी लागलं की तो फुगून वर-खाली होतो, रंग खळग्यात साचतो आणि दोष उगाच रंगांना दिला जातो.

पावसाळ्यात ओले पॅन झाकण लावून ठेवले की त्यांवर बुरशी येते. घरी आल्यावर डबी उघडी करून रात्रभर पंख्याखाली ठेवावी. एप्रिल-मेमध्ये उलट: वॉश अर्ध्यातच वाळून कड पडते. तेव्हा सावलीत बसावं आणि कागद आधी ओला करून घ्यावा.

पॅन रिकामा झाला की डबी टाकायची नाही. ट्यूबमधला रंग थेंबभर ग्लिसरीन घालून त्यात भरता येतो. एकदम काठोकाठ भरला तर तडा जाऊन तुकडा बाहेर पडतो, म्हणून तीन थरांत भरावा आणि दोन थरांमध्ये दिवसभर वाळू द्यावा. ५ मिलीच्या एका ट्यूबमधून दोन हाफ पॅन भरतात.