कॅरी-ब्लेअर नळी : माकडांच्या हगवणीचे नमुने घेण्यासाठी किती कामाची?

सिंहपुच्छ माकडासारख्या दुर्मीळ प्राण्याला रक्त-शेंब पडणारी हगवण लागली, की पहिला संशय शिगेला फ्लेक्सनेरी या जंतूवर जातो आणि त्याच्या मागोमाग कॅम्पिलोबॅक्टरवर. साल्मोनेला आणि येर्सिनियाही असू शकतात. उंदीर-पाखरांनी घाण केलेल्या खाद्यातून येर्सिनिया पिंजऱ्यात शिरला आणि रक्तात पसरला, तर उपचाराला फारसा वेळच मिळत नाही. या चारही जंतूंना एकाच नळीतून प्रयोगशाळेपर्यंत जिवंत पोहोचवायचं असेल, तर १९६४ पासून वापरात असलेलं कॅरी-ब्लेअर माध्यमच (जंतूंना वाटेत जिवंत ठेवणारं मिश्रण) घ्यावं. ग्लिसरॉल-सलाइन शिगेलाला छान सांभाळतं, पण कॅम्पिलोबॅक्टरला चालत नाही. इथेनॉलमध्ये डीएनए टिकतो, जंतू मात्र मरतात. आणि जंतू वाढवल्याशिवाय कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल ते नीट कळत नाही.

या माध्यमात पोषण जवळजवळ नसतं, त्यामुळे जंतू तग धरतात पण भराभर वाढत नाहीत. पीएच ८.४ च्या आसपास असतो आणि त्यातल्या थायोग्लायकोलेट या रसायनामुळे ऑक्सिजनचा त्रास कमी होतो. नेहमीच्या नळीत ०.५ टक्के आगार (जेल घट्ट करणारा पदार्थ) असतं. कॅम्पिलोबॅक्टर मुख्य संशयित असेल तर ०.१६ टक्क्यांची पातळ आवृत्ती मागवा. मऊ नायलॉन तंतूंच्या स्वॅबसोबत येणारी द्रव नळी महाग पडते, पण तिच्यातला एकच नमुना कल्चर (जंतू वाढवून पाहणं) आणि पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) दोन्हींना वाटून देता येतो. जिथे दुसरा नमुना मिळेलच याची खात्री नाही, तिथे हा जादा खर्च सार्थकी लागतो.

वापरण्याआधी नळी उजेडात धरून पाहा. जेल आटून काचेपासून सुटलं असेल, रंग बदलला असेल किंवा गढूळपणा दिसत असेल तर ती फेकून द्या. चांगली नळी तास-दोन तास आधी थंड करून ठेवा. विष्ठा ताजी हवी, उन्हात सुकलेली नको. मातीला टेकलेला भाग सोडून आतला घ्या. शेंब किंवा रक्ताचा ठिपका दिसला तर स्वॅब तिथेच फिरवा. स्वॅब तळापर्यंत खुपसून काडीचं वरचं टोक मोडा. काडी जराशी जरी वर राहिली तरी झाकण नीट बसत नाही आणि नळी गळते. नाव-तारीख आधीच लिहून त्यावर चिकटपट्टी लावा, कारण सॅनिटायझरच्या हाताने मार्करची शाई पुसली जाते.

नमुने वाया जातात ते मुख्यतः पुढच्या टप्प्यात. नळी तासन्‌तास खिशात किंवा गाडीत राहिली की ई. कोलाय आणि क्लेब्सिएला हे आतड्यातले नेहमीचे जंतू माजतात आणि शिगेला त्यांच्यात हरवतो. नळी लगेच ४ अंशांवर ठेवा आणि ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. बर्फाच्या पिशवीला नळी थेट टेकवू नका, मध्ये कापड घाला. घरगुती फ्रीझर तर वर्ज्यच, कारण त्यात कॅम्पिलोबॅक्टर मरतो. उशीर अटळ असेल तर उणे ७० अंशांची सोय लागते. कॅम्पिलोबॅक्टरसाठी ४२ अंशांचं, कमी ऑक्सिजनचं कल्चर प्रयोगशाळेकडून वेगळं मागून घ्यावं लागतं. ते मागितलं नाही आणि ‘काही वाढलं नाही’ असा अहवाल आला, तर त्यात नळीचा दोष नाही.

जंतू रोज बाहेर पडतातच असं नाही. म्हणून अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, दिवसाआड असे तीन नमुने घ्यावेत. उलट, ठणठणीत माकडाच्या नमुन्यातही शिगेला सापडतो. नळी फक्त जंतू आहे एवढंच सांगते. आजाराचं कारण तोच आहे का, हे लक्षणं पाहून पशुवैद्याने ठरवायचं. शिगेला मुळात माणसाचा जंतू आहे, त्यामुळे त्याच वेळी पिंजरा सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचीही तपासणी व्हायला हवी. तामिळनाडूतल्या वालपाराईजवळच्या पुदुथोट्टमसारख्या ठिकाणी, जिथे सिंहपुच्छांचे कळप घरं आणि कचऱ्यापर्यंत येतात, तिथे हा धोका रानातही आहेच.

नमुना घेताना हातमोजे आणि मास्क हवेतच. शिगेलाचे दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो. रानातल्या नमुन्यांसाठी वनखात्याची परवानगी नळ्या मागवण्याआधी काढा. ती येईपर्यंत नळ्यांची मुदत संपू शकते.