एलडब्ल्यूडी आठ महिने वापरल्यावर

ऑक्टोबरपासून शेडच्या फ्लोअरखालच्या मुरूम भरावावर एलडब्ल्यूडी, म्हणजे लाइट वेट डिफ्लेक्टोमीटर, हे भरावाचा ताठपणा मोजणारं यंत्र वापरतोय. एका जागेवर आधी तीन ठोके प्लेट बसायला, मग तीन ठोके मोजणीचे. १० किलोचं वजन पडतं, ३०० मिमीची प्लेट दबते. २२.५ ला त्या मिमीमधल्या दबण्याने भागलं की ईव्हीडी, म्हणजे ताठपणाचा आकडा, मेगापास्कलमध्ये. ०.५ मिमी दबली तर ४५, १.५ मिमी दबली तर १५.

आधी सँड रिप्लेसमेंटचे, म्हणजे खड्ड्यात वाळू भरून भरावाची घनता काढायच्या चाचणीचे, खड्डे आम्ही अख्ख्या प्लॉटवर मोजून सहा घ्यायचो, आणि सगळे पास. एलडब्ल्यूडीने ५ मीटरच्या ग्रिडवर दीड दिवसात सव्वाशे जागा झाल्या. बहुतेक ठिकाणी ४०च्या वर आकडे, पण मधून एक तिरपा पट्टा जेमतेम वीसचा. फक्की मारून तो पट्टा आखला तेव्हा शेजारच्या शेतातले आजोबा म्हणाले, "इथून आमची चारी जायची." खणलं तर फूटभर मुरुमाखाली काळी माती तशीच राहिलेली. घनतेची चाचणी वरच्या थराची, ती पास होणारच. चाचणी चुकीची नव्हती, आम्ही तिला नको तो प्रश्न विचारत होतो. त्या एका पट्ट्यासाठी मी हे यंत्र पुन्हा घेईन.

आता सर्वात महत्त्वाचं. हा आकडा जमिनीचा कायमचा गुण नाही, त्या दिवसाच्या ओलाव्यातला आहे. एप्रिलमध्ये सुकलेली काळी माती मुरुमाइतकी ताठ वाटते. अवकाळी पाऊस झाला की त्याच जागेचा आकडा निम्म्यावर येतो. म्हणून प्रत्येक रीडिंगसोबत ओलावा लिहा, आणि एकाच दिवसाच्या रीडिंगचीच आपसात तुलना करा. वेगळ्या बनावटीच्या यंत्राचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या साइटची मर्यादा उचलून आणू नका.

यंत्राची पोच प्लेटच्या व्यासाच्या दीडपट, फार तर दीड फूट. त्याखाली काय आहे हे पाहायला कमी आकड्याच्या जागी आम्ही डीसीपी (डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर, जमिनीत ठोकायचा शंकूच्या टोकाचा दांडा) ठोकतो: ८ किलोचा हातोडा, ५७५ मिमी वरून, दर ठोक्याला शंकू किती मिमी उतरला ते टिपायचं. मुरुमातून काळ्या मातीत शिरला की हाताला लगेच कळतं.

दगडाळ मुरुमावर प्लेट डुगडुगते. तिथे बारीक वाळूचा पातळ थर पसरा, नाहीतर मऊ नसलेली जागाही मऊ दिसते. उन्हात वजन उचलून उचलून माणूस थकतो, दोघे आळीपाळीने लागतात.

पट्टा उकरून पुन्हा भरला आहे. तिथल्या २० जागांवर खुंट्या ठोकून ठेवल्यात, पहिला पाऊस मुरला की तिथेच परत मोजणार.