उन्हावर चालणारी थंड खोली: उन्हाळा-पावसाळा वापरल्यावर

औसा तालुक्यात आमच्या शेतकरी गटाच्या शेडवर सौर उष्णतेवर चालणारा अधिशोषण चिलर आहे. क्षमता १० किलोवॅट, म्हणजे एसीच्या मापात जवळपास तीन टन. टोमॅटोचे कॅरेट बाजाराला जाईपर्यंत १४-१५ अंशांत ठेवायचे, एवढंच काम.

यात कॉम्प्रेसर नाही. छतावरच्या नळ्यांमधून ७५-८५ अंशांचं पाणी येतं, त्या उष्णतेने सिलिका जेलमधली (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांमधली) वाफ सुटते. जेल निवलं की ते पुन्हा वाफ ओढतं. मशीनच्या आतली हवा काढलेली असल्याने तिथलं पाणी १० अंशांच्या आसपासच उकळतं आणि उकळताना खोलीची उष्णता घेतं. जेलच्या दोन पेट्या आळीपाळीने चालतात. झडपा बदलल्या की खट् आवाज येतो, थंड पाणी दोन-तीन अंश वर चढून परत उतरतं. तो बिघाड नव्हे. मध्ये थंड पाण्याची टाकी असली की खोलीत जाणवतही नाही.

मे महिन्यात ऊन जितकं कडक, तितका हा जोरात. वीज फक्त पंप-पंख्यांना.

खरी अडचण पाण्याची. १० किलोवॅट थंडाव्यासाठी सुमारे २० किलोवॅट उष्णता आत घालावी लागते आणि ३० किलोवॅट बाहेर टाकावी लागते. कूलिंग टॉवरमधून (पाणी थोडं उडवून बाकीचं गार करणारा मनोरा) त्यासाठी तासाला ४५ लिटर पाणी उडतं, आठ तासांत साडेतीनशेच्या वर. क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी वेगळंच. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा हिशेब आधी मांडा. बोअरच्या पाण्याने टॉवरच्या जाळ्यांवर पांढरा थर बसतो, म्हणून आम्ही पत्र्यावरचं पावसाचं पाणी हौदात साठवून जमेल तितकं तेच वापरतो. नुसत्या पंख्यावर भागत नाही: मशीनला टॉवरमधून निवून परत येणारं पाणी तिशीच्या आसपास लागतं, आणि बाहेरची हवाच ४२ अंश.

श्रावणात ढग दाटले की छतावरच्या नळ्यांतलं पाणी साठ अंशांपुढे जात नाही, थंडावा जवळपास बंद. त्या दिवसांत तुराट्यांचा मोठा बंब पेटवतो. मशीनला उष्णता कुठून आली याचं सोयरसुतक नसतं, हा मला त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

स्पष्टच सांगतो, तेवढ्याच छतावर वीज बनवणारे सौर पॅनल लावून साधा कॉम्प्रेसर चालवला तर थंडावा जास्त मिळतो. पण गुऱ्हाळाच्या चुलाणाची उष्णता वाया जात असेल आणि पाण्याची सोय असेल, तर हा चिलर जरूर बघा. विक्रेत्याला एकच विचारा: टॉवरचं पाणी ३२ अंशांवर गेलं तर थंडावा किती मिळेल, ते लेखी द्या.