पाचटाचा कोळसा की खरकट्याचा गॅस?

जैवभार इंधन म्हणजे नुकत्याच वाढलेल्या वनस्पतींपासून किंवा शेणाखरकट्यापासून मिळणारं इंधन. दगडी कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला असतो. पाचटातला, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यातला, गेल्या हंगामातला. या इंधनाचे दोन उत्तम प्रकार पुण्यातल्याच ‘आरती’ (अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, घडवले आणि दोन्हींना शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला: 2002 मध्ये पाचटाच्या कोळशाला, 2006 मध्ये खरकट्याच्या गॅसला.

दौंड-इंदापूरकडे ऊस तुटला की पाचट शेतातच पेटवतात, याचं फार वाईट वाटतं. तेच पिंपात भरून भट्टीत, हवा लागू न देता तापवलं की कोळसा होतो. त्याची भुकटी पिठाच्या खळीत मळून कांड्या पाडायच्या. वाळल्यावर जवळजवळ बिनधुराच्या जळतात, शिवाय साठवता आणि विकता येतात. खोली मात्र बंद नको. कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो.

गॅसचं तसं नाही, तो रोज सांभाळावा लागतो. एका टाकीत दुसरी उपडी; शिळा भात, भाकरी कालवून ओतली की जिवाणू मिथेन करतात आणि वरची टाकी हळूहळू उचलली जाते. शेणाला चाळीसेक दिवस लागतात, पिठूळ खरकट्याला दिवसभर पुरतो. हावरटपणे जास्त ओतलं तर टाकी आंबते आणि गॅस थांबतो. डिसेंबरच्या थंडीतही तो कमीच येतो.

तरी पुण्यात गच्ची असलेल्यांनी गॅसच घ्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण ओला कचरा घरातच जिरतो. कोळसा ऊसवाल्या गावांचा.