ऑफसेट पेंडंटसाठी हत्यार कोणतं: गाउज, कार्बाइड की निगेटिव्ह रेक स्क्रेपर?

ऑफसेट पेंडंट म्हणजे लाकडी चकती लेथवर केंद्रापासून सरकवून, तिच्यावर एकमेकांना छेदणारी कडी (गोल खाचा) कातून केलेलं पेंडंट. ५० मिमी व्यासाची, ६ ते ८ मिमी जाडीची चकती केंद्रापासून ८-१२ मिमी सरकवली की प्रत्येक फेऱ्यात हत्यार थोडा वेळ लाकडात आणि थोडा वेळ हवेत असतं. शिवाय ती चकती प्लायच्या तुकड्यावर फक्त डबल टेपने धरलेली असते. त्यामुळे वाडग्यावर हातखंडा असलेलं हत्यार इथेही तसंच चालेल, हे गृहीत धरू नये.

आधी गाउज. १० मिमीचा स्पिंडल गाउज (पन्हळीसारखी खोबण असलेली पटाशी) बेव्हल, म्हणजे धारेमागचा घासलेला उतार, लाकडावर टेकवून चालतो. कडं पूर्णपणे चकतीच्या आत बसत असेल तर तिन्हींत सर्वांत स्वच्छ पृष्ठभाग तोच देतो, शिसवीवर तर लगेच तेल लावावं इतका. पण कडं चकतीच्या काठाबाहेर गेलं की बेव्हलखालचा आधार जातो आणि लाकूड पुन्हा समोर येतं तेव्हा टोक ठरवल्यापेक्षा खोल घुसतं. जाड वाडग्यावर अशा झटक्याने चरा पडतो. इथे पेंडंट टेप सोडून उडतं. पावसाळ्यात दमट हवेने टेपची पकड आधीच कमी झालेली असते आणि सागवानाचं तेल ती आणखी सैल करतं. अ‍ॅसिटोनने पुसून, दहा-पंधरा मिनिटं शिकंजात दाबून ठेवलं तर बराच फरक पडतो, पण बाजूने बसणारा धक्का तेवढ्याने पचत नाही. हात बसलेले लोक गाउजनेही ही कामं सुंदर करतात, हे मान्यच आहे.

कार्बाइड इन्सर्टची, म्हणजे दांड्यावर बसवायच्या, बदलता येणाऱ्या कठीण पात्याची, बाजू भक्कम आहे. मुंबईत आपल्या हाती येतो तो बऱ्याचदा जुन्या चाळींच्या तुळयांचा सागवान. त्यातली सिलिका एचएसएसची (हाय-स्पीड स्टील, नेहमीच्या हत्यारांचं पोलाद) धार भराभर खाते, कार्बाइडला मात्र फारसा फरक पडत नाही. ग्राइंडर लागत नाही, इन्सर्ट फिरवला की नवी धार. (तुळईत मोडलेला खिळा राहिला असेल तर मात्र कार्बाइडचा टवका उडतो, एचएसएस पुन्हा घासता येतं.) नागदेवी स्ट्रीटवर लोखंडी कामाचे इन्सर्ट सहज मिळतात, पण घेताना बघून घ्या. सीसीएमटी प्रकारची धार मुद्दाम किंचित बोथट ठेवलेली असते, ती लाकूड कापण्याऐवजी रगडते. अ‍ॅल्युमिनियमसाठीचे चकचकीत सीसीजीटी किंवा गोल आरसीजीटी मागा.

एवढं असूनही माझा कौल कार्बाइडला जात नाही, आणि त्याचं कारण एकच. इन्सर्ट आडवा धरून कातलं की कड्याच्या भिंतीवर समोरासमोर दोन जागी, जिथे आडवे रेषे धारेला सामोरे येतात तिथे, तंतू उपटले जातात. वाडग्यावर हे १२० पासून ४०० पर्यंतच्या पॉलिश पेपरने निघून जातं. ऑफसेट कामात लेथ चालू ठेवून पेपर लावला की प्रत्येक फेऱ्यात तो कडेवर आपटतो आणि कड गोल होते. दोन कडी एकमेकांना छेदतात तिथली करकरीत रेघ हाच या नक्षीचा जीव. ती बोथट झाली की पेंडंट साच्यातून काढल्यासारखं दिसतं. लेथ थांबवून, काडीला पेपर गुंडाळून दीड-दोन मिमी खोल खाचेत घासता येतं, पण वेळ फार जातो आणि आडवे ओरखडे तेल लावल्यावरच दिसतात. इन्सर्ट तिरका धरला तर कापणी सुधारते. मात्र त्याला गोल दांडा हवा, आणि अरुंद खाचेत तिरकं करायला जागाच नसते.

म्हणून या कामात हत्याराने सोडलेला पृष्ठभाग हाच शेवटचा पृष्ठभाग समजावा. त्या कसोटीवर मला निगेटिव्ह रेक स्क्रेपर, म्हणजे खालून आणि वरूनही उतार घासलेलं खरवडायचं हत्यार, सरस वाटतो. तो बेव्हलवर टेकत नाही, त्यामुळे हवेच्या टप्प्यातून लाकडात येताना आत ओढला जात नाही. जोरही सरळ हेडस्टॉकच्या (चकती फिरवणाऱ्या लेथच्या डोक्याच्या) दिशेने लागतो, म्हणजे चकती टेपवर आणखी दाबली जाते. १० मिमी चौकोनी एचएसएस टूलबिट घरीच घासून तो करता येतो: खालून ४० अंश, वरून २५, टोक अर्धगोल. जुन्या कानशीचा करू नका. ती ठिसूळ असते, अडकली तर तुकडा उडतो.

याची अडचण उघड आहे. कापते ती बर, म्हणजे घासताना धारेवर उठलेली बारीक कड, आणि ती लवकर जाते, सागवानावर तर एका नक्षीपुरतीच टिकते. दरवेळी ग्राइंडरकडे जायची गरज नाही, आणि फ्लॅटमध्ये रात्री तो लावताही येत नाही. डायमंड कार्डने वरची जुनी बर साफ करा, मग मोडलेल्या सॉलिड कार्बाइड ड्रिलचा गुळगुळीत दांडा खालच्या बेव्हलवर धारेच्या दिशेने दाबून दोन-तीनदा फिरवा. नवी बर उठते. असं काही वेळा जमतं, मग ग्राइंडर लागतोच. कापताना मिनिटाला ७०० ते ९०० फेरे, टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) फिरत्या बाह्यरेषेपासून ३-५ मिमीवर, आणि सुरू करण्याआधी चकती हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावी.

बारीक व्ही रेघांना तीन पैलूंचं पॉइंट टूल पुरतं, तिथे फारसा वाद नाही.

सागवानच जास्त कातत असाल तर कार्बाइड विकू नका. त्याने खाच अर्धा मिमी कमी ठेवून उकरा आणि शेवटचे दोन हलके फेर स्क्रेपरने घ्या. दोन्ही कामं चकती त्याच केंद्रावर असतानाच उरका. टेप काढून पुन्हा तंतोतंत त्याच जागी चिकटवणं सहसा साधत नाही, आणि खाचेच्या तळाशी दुहेरी रेघ उमटते.