डायफ्राम अ‍ॅक्च्युएटर उघडायचा प्रेस-स्टँड : दिवाळी ते पावसाळा वापरून

आधी निकाल सांगून टाकते, तपशील हवा असेल त्यांनी पुढे वाचावं. न्यूमॅटिक अ‍ॅक्च्युएटर म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा, हवेच्या दाबाने व्हॉल्व्ह उघडबंद करणारा भाग; त्याच्या दोन झाकणांमध्ये (केसिंगमध्ये) रबरी डायफ्राम आणि दाबलेल्या स्प्रिंग्ज असतात. बोल्ट काढताना वरचं केसिंग दाबून धरायला हा स्टँड. अनेक स्प्रिंग्जचे (मल्टि-स्प्रिंग) अ‍ॅक्च्युएटर रोजच्या कामात उघडणाऱ्या वर्कशॉपने तो जरूर घ्यावा. तुमच्याकडे एकच मोठी स्प्रिंग आणि योकमध्ये (अ‍ॅक्च्युएटर व्हॉल्व्हला जोडणाऱ्या चौकटीत) स्प्रिंगचा ताण बदलणारा अ‍ॅडजस्टर असलेले जुन्या धर्तीचेच नग येत असतील तर मात्र पैसे वाया जातील. तिथे अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल केला, स्प्रिंग हाताने गरगर फिरायला लागली, की ताण निघाला. मग केसिंगचे बोल्ट सोडताना फारसं काही होत नाही.

आमचं वर्कशॉप बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आहे. नंदेसरी, रणोली, सावली, पादरा या पट्ट्यातल्या केमिकल आणि फार्मा कारखान्यांचे कंट्रोल व्हॉल्व्ह आमच्याकडे दुरुस्तीला येतात. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली, तिच्या मागोमाग खतं आणि पेट्रोकेमिकल आलं, त्यामुळे बडोद्यात हे काम करणारे पुष्कळ आहेत. पण अ‍ॅक्च्युएटर उघडायची प्रत्येकाची पद्धत निराळी, आणि त्यातल्या काही पद्धती बघवत नाहीत. एकजण वरच्या केसिंगवर उभा राहतो आणि दुसरा पाना फिरवतो, हे मी या डोळ्यांनी बघितलंय.

स्टँड तयार मिळालेला नाही, इथल्याच एका फॅब्रिकेटरकडून ऑर्डरने करून घेतला. जाड बेसप्लेट, तिच्यावर योक पकडायचा क्लँप, दोन्ही बाजूंना खांब, वर आडवी बीम आणि बीममधून खाली येणारा चौकोनी आट्यांचा स्क्रू. स्क्रूच्या टोकाला थ्रस्ट बेअरिंग आणि त्याच्याखाली कडीच्या आकाराचा पॅड. हा पॅड वरच्या केसिंगवर बसतो आणि मधलं एअर कनेक्शन मोकळं राहतं. पॅड तीन मापांचे मिळाले. खर्च जीएसटी सोडून सत्तर हजारांच्या आसपास आला. हायड्रॉलिक रॅमचा स्टँड बरोबरीच्या किमतीत मिळत होता, तरी स्क्रूचाच घेतला. रॅमचं सील थोडं जरी गळलं तरी तो सरकतो, आणि आत दाबून ठेवलेली स्प्रिंग असताना सरकणं नको. स्क्रू हात काढला तरी आहे तिथे राहतो.

आता हा एवढा खटाटोप कशासाठी, ते आकड्यात बघा. ७०० चौरस सेंटिमीटर डायफ्रामचा अ‍ॅक्च्युएटर घ्या, बेंच रेंज (व्हॉल्व्ह हलायला लागतो तिथपासून पूर्ण उघडबंद होईपर्यंतचा हवेचा दाब) ०.४ ते २.० बार. व्हॉल्व्ह हलायला ०.४ बार लागतो, याचा अर्थ स्प्रिंग्ज आधीच तेवढ्या दाबून बसवलेल्या आहेत. ०.४ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४ न्यूटन; ४ गुणिले ७००, म्हणजे २८०० न्यूटन, साधारण २८५ किलो. एअर लाइन काढलेली, गेज शून्यावर, आणि तरीही वरच्या केसिंगला आतून २८५ किलोचा धक्का. हँडव्हील असेल आणि ते कुणी स्ट्रोक देऊन तसंच सोडलं असेल तर हाच आकडा १४०० किलोपर्यंत जातो. म्हणून हँडव्हील न्यूट्रलला आहे का हे सगळ्यात आधी बघायचं. नवीन मुलांना हवेची भीती वाटते, कारण ती फुसकन आवाज करते. स्प्रिंग काहीच आवाज करत नाही.

आमच्याकडच्या जुन्या फिटर काकांचा पहिला प्रश्न होता, ‘ताई, लांब बोल्ट दिलेत ना कंपनीने, मग हे धूड कशाला?’ प्रश्न अगदी रास्त होता. अशा अ‍ॅक्च्युएटरला परिघावर आखूड बोल्ट असतात आणि मध्ये मध्ये, सारख्या अंतरावर, दोन-तीन लांब बोल्ट असतात. आखूड सगळे आधी काढायचे, मग लांब बोल्टांचे नट आळीपाळीने थोडे थोडे सैल करत जायचं, केसिंग समांतर उचललं जातं आणि बोल्टांचे आटे संपायच्या आत स्प्रिंग मोकळी होते. पद्धत उत्तम आहे. नवा, कुणी न उघडलेला अ‍ॅक्च्युएटर असेल तर आम्ही आजही तसाच उघडतो, स्टँडकडे जातसुद्धा नाही.

पण आमच्याकडे येणारे नग असे कुमारिका थोडेच असतात! आधी दोन-तीन हातांतून गेलेले असतात. लांब बोल्ट कुठल्यातरी शटडाऊनमध्ये हरवलेला असतो आणि त्याच्या जागी बाजारातला मिळेल तो बोल्ट ठोकलेला असतो. फेब्रुवारीत सावलीकडच्या एका कारखान्यातून आलेल्या नगावर सगळेच्या सगळे बोल्ट एका लांबीचे होते. आता याचे दोन अर्थ निघतात. एकतर मूळचाच प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून बसवल्याचा ताण) नसलेला नग आहे, किंवा कुणीतरी लांब बोल्ट बदललेत. बाहेरून बघून कळत नाही. नेमप्लेटवरची रेंजही पुरावा नाही, कारण आतल्या स्प्रिंग्जची संख्या बदलून रेंज बदलता येते आणि प्लेट तीच राहते. तो नग स्टँडवर चढवला, पॅड टेकवून स्क्रू आवळला, सगळे बोल्ट काढले आणि स्क्रू हळूहळू वर घेतला. केसिंग चांगलं दोन बोटं वर आलं तरी आतून दाब लागतच होता. साध्या टेबलावर शेवटच्या दोन आखूड बोल्टांपर्यंत कुणी पोचलं असतं तर काय झालं असतं, ते वेगळं सांगत नाही. काका तेव्हापासून स्टँडबद्दल बोलत नाहीत. त्यांच्याकडून ही पावतीच समजायची.

स्टँडवर काम सुरू व्हायच्या आधीचा भाग साइटवर होतो, आणि तो चुकला तर मकरपुऱ्यात कितीही चांगलं यंत्र असून फायदा नाही. लाइन बायपासवर, दोन्ही बाजूंचे आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद आणि टॅग लावलेले, मधला दाब आणि माल ड्रेन केलेला, परमिट हातात. व्हॉल्व्हमध्ये दाब असताना अ‍ॅक्च्युएटर उचलला तर प्रोसेसचा दाब प्लगला (सीटवर बसून प्रवाह अडवणाऱ्या बुचाला) सरळ वर ढकलतो. एअर सप्लाय बंद करून थांबायचं नाही, तर पोझिशनर (सिग्नलप्रमाणे अ‍ॅक्च्युएटरला हवा देणारं उपकरण) आणि अ‍ॅक्च्युएटरमध्ये अडकलेली हवाही सोडायची. मात्र फेल-क्लोज, म्हणजे हवा गेली की बंद होणारा, व्हॉल्व्ह असेल तर कनेक्टर सोडताना थोडी हवा लागतेच. वेगळ्या रेग्युलेटरवरून थोडी हवा देऊन प्लग सीटवरून किंचित उचलायचा आणि मगच स्टेमचा (प्लगला हलवणाऱ्या दांड्याचा) कनेक्टर सोडायचा. सीटवर दाबलेला प्लग फिरवला की सीट आणि प्लग दोघांवर ओरखडे पडतात आणि अ‍ॅक्च्युएटर दुरुस्त होऊनही व्हॉल्व्ह पासिंग राहतो, म्हणजे बंद असूनही आतून गळतो. कनेक्टर सुटला की हवा शून्य, ट्यूब काढलेली, तोंड उघडं.

उघडण्याआधी आम्ही दोन्ही केसिंगवर आरपार पेंटची रेघ मारतो आणि मोबाइलवर फोटो काढतो: एअर कनेक्शन कुठल्या दिशेला, व्हेंट कुठे, नेमप्लेट कुठे. आत स्प्रिंग्ज दिसल्या की पुन्हा फोटो. बारा जागा आणि सहा स्प्रिंग्ज असतील तर त्या कुठल्या सहा जागा, हे नंतर आठवत नाही. एका बाजूला जास्त बसल्या तर प्लेट तिरकी चालते आणि स्टेमचा बुश एका अंगाने झिजतो.

डायफ्राम बहुतेक वेळा नायट्राइल रबरचा, आत कापडाचा थर. वरवर बघून तो नेहमी चांगलाच वाटतो. प्लेटच्या कडेजवळ जिथे घडी पडते तिथे अंगठ्यावर उलटा वाकवून उजेडात धरायचा. बारीक रेघा उघडतात, वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या, आणि खोल रेघेतून पांढरा धागा दिसतो. धागा दिसला की डायफ्राम बाद, मग हवा धरत असो वा नसो. मधल्या भोकाच्या काठावर रबर पातळ झालंय का, तेही बघायचं. आणि व्हेंट! पावसाळ्यानंतर येणाऱ्या नगांपैकी कितीतरींच्या व्हेंटमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असतं. स्प्रिंगच्या बाजूची हवा बाहेर पडत नाही, व्हॉल्व्ह रेंगाळतो, कारखान्यातले लोक पोझिशनर बदलतात, तरी फरक नाही, मग नग आमच्याकडे. व्हेंटचं तोंड खाली करून जाळीचा प्लग बसवला की पुढच्या वर्षी तो नग आमच्याकडे येत नाही. धंद्याच्या दृष्टीने हा सल्ला देऊ नये, पण देते.

जोडणीत स्टँडचा उपयोग मला घेताना वाटला होता त्याहून जास्त निघाला. स्प्रिंग्ज जागेवर, प्लेट-डायफ्राम-स्टेम आत, स्टेमच्या सीलला मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ग्रीस, वर केसिंग ठेवून स्क्रू खाली. केसिंग समांतर उतरत असल्यामुळे डायफ्रामची भोकं आणि फ्लँजची भोकं आपोआप जुळून राहतात, कड दुमडत नाही. पूर्वी लांब बोल्टने ओढून घेताना एखादा कोपरा हटकून चिमटायचा आणि साबणाच्या पाण्यात नेमके तिथेच बुडबुडे यायचे. मात्र कसायचं काम स्क्रूवर सोपवायचं नाही. फ्लँज टेकले की बोल्ट समोरासमोर, तीन-चार टप्प्यांत, टॉर्क पान्याने, आकडा उत्पादकाच्या मॅन्युअलमधला. ‘अजून एक झटका’ देण्याची खोड या कामात महाग पडते. रबर फ्लँजमधून बाहेर फुगतं, बोल्टच्या भोकापाशी फाटतं आणि चार महिन्यांनी गळती सुरू. इम्पॅक्ट गन तर या टेबलाच्या आसपास फिरकू द्यायची नाही, ना सोडताना, ना आवळताना. आणि लांब बोल्ट हरवलेले असतील तर योग्य लांबीचे आणि ग्रेडचे नवीन घालूनच नग परत द्यायचा. पुढे तो उघडणाऱ्याकडे स्टँड असेलच असं नाही.

मग स्टँडवरून उतरवून रेग्युलेटर आणि गेजवर बेंच सेट. स्टेम हलायला लागतो तो दाब आणि पूर्ण ट्रॅव्हलचा दाब, चढताना आणि उतरताना दोन्हीकडे.

आता तक्रारी. बनवणाऱ्याने स्टँडसोबत जे गेज दिलं ते ० ते १० बारचं. ०.२ बारला स्टेम हलला की ०.३ ला, हे त्यावर दिसूच शकत नाही. आम्ही ० ते २.५ बारचं कॅलिब्रेट केलेलं गेज वेगळं घेतलं. पॅडच्या खाली चिकटवलेलं रबर होळीच्या आत सुटलं. त्यात चिकटवणाऱ्याचा हात दिसतो, रबराचा दोष नाही. आता नायलॉनच्या चकत्या बोल्टने लावल्यात, त्या टिकल्या आहेत. स्क्रूला उघडं ग्रीस असल्यामुळे शेजारच्या ग्राइंडिंगची धूळ त्यावर बसते आणि पेस्ट होते. रबरी बेलो (स्क्रूवर चढवायचं घड्यांचं आवरण) हवाच होता, सांगूनही दिला नाही. दोन खांबांमधलं अंतर ४५० मिलिमीटर, त्यामुळे ७०० चौरस सेंटिमीटरचा नग बसतो, १४०० चा बसत नाही. वर हँडव्हील असलेल्या नगाला कडीचा पॅड पुरत नाही, हँडव्हील असेंब्ली आधी काढावी लागते, आणि ते काम पुन्हा बाहेर टेबलावरच. संरक्षक जाळी तर त्यांच्या कोटेशनमध्येच नव्हती. आम्ही मागे लागून पुढच्या बाजूला बिजागरीची जाळी बसवून घेतली, तिचे पैसे निराळे पडले. अशा यंत्राला जाळी हा ‘जादा’ प्रकार कसा असू शकतो, हे मला अजून समजलेलं नाही.

आणखी एक. स्टँड आला की मुलांना वाटायला लागतं की आता काळजी मिटली. मिटत नाही. स्क्रू वर घेताना चेहरा केसिंगच्या वर आणायचा नाही, पॅड मधोमध बसल्याशिवाय पहिला बोल्ट हलवायचा नाही, आणि शेवटचा बोल्ट काढायच्या आधी केसिंग खरंच स्क्रूवर आहे का हे सैल झालेल्या नटवरून ताडून बघायचं. नट बोटांनी फिरला तर केसिंगचा भार स्क्रूने घेतलाय. नट अडून बसला असेल तर भार अजून बोल्टवर आहे, स्क्रू आणखी आवळा.

ऑर्डर देणार असाल तर खांबांमधलं अंतर तुमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या केसिंगपेक्षा चार बोटं जास्त ठेवायला सांगा. स्क्रूच्या ताकदीचं टेस्ट सर्टिफिकेट, बेलो आणि जाळी कोटेशनमध्ये लिहून घ्या, तोंडी नको. महिन्याला एखाद-दुसराच नग उघडत असाल तर स्टँडचा विचार सोडा. त्या पैशात एक चांगला टॉर्क पाना, कमी रेंजचं गेज आणि प्रत्येक मापाच्या लांब बोल्टांचा एक जादा संच येतो, शिवाय बरीच रक्कम उरते.