मुलांमधला लठ्ठपणा: कर्मचाऱ्यांना ऑनलाइन कोर्स द्यावा की कार्यशाळेला पाठवावं?

डॉक्टर, नर्स आणि आहारतज्ज्ञांना या विषयाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं की दोन पर्याय समोर येतात. एक, सगळ्यांना ऑनलाइन कोर्स. दुसरा, मोजक्या लोकांना दोन दिवसांची प्रत्यक्ष कार्यशाळा. दोन्ही परवडत नसेल, तर आपल्या लोकांचं घोडं नेमकं कुठे अडतं ते आधी बघा.

निदानात अडत असेल तर ऑनलाइन कोर्स पुरेसा आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) काढणं, वयाप्रमाणे तक्त्यावर मांडणं हे पडद्यावर छान शिकता येतं आणि विसरलं तर पुन्हा बघता येतं. याला किरकोळ समजू नका. ६ वर्षांच्या मुलाचा बीएमआय १९ आला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या तक्त्यानुसार तो लठ्ठपणात मोडतो. १४ वर्षांच्या मुलाचा तोच १९ अगदी मध्यावर येतो. मोठ्या माणसांचे आकडे डोक्यात असलेल्याला पहिल्या मुलात काहीच वावगं दिसणार नाही, आणि वेळीच पावलं उचलायची संधी हातची जाईल.

पण माझ्या मते खरी अडचण बोलण्यात आहे. तक्ता बिनचूक वाचणारे डॉक्टरही मुलादेखत आईला म्हणतात, "फार जाड झालाय, खाण्यावर लक्ष ठेवा." मूल खाली मान घालतं, आई ओशाळते आणि पुढच्या तपासणीला दोघं येतच नाहीत. त्याऐवजी "त्याच्या वाढीबद्दल थोडं बोललं तर चालेल का? तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" असं विचारता येतं. वाचायला सोपं आहे, पण बाहेर रांग लागलेली असताना तोंडातून जुनंच वाक्य निघतं. ती सवय मोडायला कुणीतरी पालक बनून समोर बसावं लागतं, आपलं बोलणं ऐकून जिथल्या तिथे टोकावं लागतं. हे कार्यशाळेतच जमतं.

या संवादपद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, प्रशिक्षित डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघंही पालकांशी या पद्धतीने बोलले, त्या गटातल्या मुलांचा बीएमआय पर्सेंटाइल (त्याच वयाच्या शंभर मुलांत बीएमआयचा क्रम कितवा, ते) दोन वर्षांत नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे जास्त उतरला. फक्त डॉक्टर बोलले त्या गटात तेवढा ठोस फरक दिसला नाही. म्हणून जागा दोनच असतील, तर दोन डॉक्टर पाठवू नका. एक डॉक्टर आणि एक आहारतज्ज्ञ पाठवा.

कार्यशाळेची मोठी उणीव म्हणजे घरी परतल्यावर शिकलेलं हळूहळू विरतं. त्यावर तिसरा, स्वस्त मार्ग आहे: ठरलेल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तज्ज्ञांसोबत खऱ्या केसेसची चर्चा. न्यू मेक्सिको विद्यापीठात २००३ साली हिपॅटायटिस सी साठी सुरू झालेलं 'प्रोजेक्ट एको' याच धर्तीवर चालतं. त्यात नर्सनाही हक्काने बोलू द्या. वजन-उंची बहुधा त्याच घेतात, म्हणजे या विषयावरचं पहिलं वाक्य त्यांच्याच तोंडून जातं.

मला विचाराल तर तक्त्यांचा छोटा ऑनलाइन भाग सगळ्यांना द्यावा आणि उरलेला सगळा पैसा संवादाचा सराव व केस-चर्चेवर घालावा. कार्यशाळा ठरवण्याआधी आयोजकांना एवढंच विचारा: प्रत्येकाला प्रत्यक्ष बोलून बघायला किती वेळ मिळणार? दोन्ही दिवस स्लाइड्सच दाखवणार असतील, तर ऑनलाइन कोर्सच घ्या.